वाळवंटातील डोंगराचे ऋतू

वाळवंट म्हटले, की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? तापलेली वाळू, निरभ्र आकाश, काटेरी झुडपे आणि लांबवर सावलीचा मागमूसही नसलेली सपाट भूमी. आता याच वाळवंटाच्या मधोमध एक डोंगर उभा आहे, अशी कल्पना करा. डोंगराच्या पायथ्याशी उन्हाने अंग भाजते आहे. पण माथ्याकडील घळीत ओक, पाइन आणि फर वृक्षांची दाट सावली आहे. उन्हाळ्यात दुपारी पायथ्याशी उष्मामान ४० अंश से. असताना वर ते ३० अंशांच्या आसपास आहे. आणि या दोन ठिकाणांमधले अंतर केवढे? मोटारीने गेल्यास जेमतेम एक तासाचे!

ही कल्पना नव्हे, खरीखुरी जागा आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात, मेक्सिकोच्या सरहद्दीवर, 'बिग बेंड' नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. 'बिग बेंड' म्हणजे मोठे वळण. रिओ ग्रँड ही नदी येथे आग्नेयेकडे वाहता वाहता एकदम ईशान्येकडे वळते, त्या वळणात हे उद्यान वसले आहे. १९४४ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ३२४० चौ. कि.मी. आहे. भोवती सर्वत्र चिवावा वाळवंट पसरले आहे आणि उद्यानाच्या मध्यभागी चिसोस हा ज्वालामुखीजन्य पर्वत उभा आहे. हा संपूर्ण पर्वत या एका उद्यानाच्या हद्दीत मावतो.

या लेखात आपण तीन ठिकाणे पुन:पुन्हा वापरणार आहोत. ती नीट लक्षात ठेवा. पहिले ठिकाण म्हणजे रिओ ग्रँडचा काठ; समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५६० मीटर. दुसरे चिसोस बेसिन, म्हणजे डोंगरांनी वेढलेला वाडग्यासारखा खोलगट भाग. उंची सुमारे १६४५ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर जवळजवळ इतक्याच उंचीवर आहे. तिसरे ठिकाण एमरी शिखर, पर्वताचा सर्वोच्च माथा. उंची सुमारे २३८५ मीटर. नदीकाठ आणि बेसिन यांच्या साधारण मधल्या उंचीवर, ११४० मीटरवर, पँथर जंक्शन येथे उद्यानाचे मुख्य कार्यालय आहे. तेथील उष्मामानाच्या नोंदीही आपल्या उपयोगी पडतील.

उंचावर गारवा का?

प्रथम एक गैरसमज दूर करू. "डोंगराचा माथा सूर्याला अधिक जवळ, मग तो अधिक तापायला हवा," असा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी कि.मी. दूर आहे. त्यात दोन कि.मी. कमी झाले, तर काय फरक पडणार? शिवाय सूर्यप्रकाशातील बराचसा भाग हवेत शोषला न जाता सरळ जमिनीपर्यंत येतो. तापते ती जमीन, आणि जमिनीमुळे हवा तापते. चुलीवरच्या पातेल्यातले पाणी जसे तळापासून तापते, तसे वातावरण तळापासून तापते.

मग पुढचा प्रश्न : डोंगराची जमीनही उन्हात तापतेच ना? तिच्यामुळे तेथील हवा का तापू नये? तापते, डोंगरउतारालगतची हवा दुपारी आसपासच्या हवेपेक्षा गरम असतेच. पण एकाकी डोंगर हा हवेच्या विशाल सागरात डोकावणारा एक सुळका आहे. त्याला लागून तापलेली थोडीशी हवा वाऱ्याबरोबर निघून जाते आणि तिची जागा त्या उंचीवरची मोकळी, गार हवा घेते. म्हणून खरा प्रश्न असा, की त्या उंचीवरची मोकळी हवाच गार का असते?

सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडताना व्हॉल्व्हपुढे बोट धरून पाहा. बाहेर पडणारी हवा गार लागते. दाबलेली हवा मोकळी होऊन पसरते, पसरताना तिला आजूबाजूच्या हवेला ढकलावे लागते, म्हणजे कार्य करावे लागते. या कार्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वत:च्या उष्णतेतून खर्च करते. वर चढणाऱ्या हवेचेही असेच होते. नदीकाठी हवेचा दाब सुमारे ७१ सें.मी. पाऱ्याइतका, तर एमरी शिखरावर तो सुमारे ५७ सें.मी. असतो. म्हणजे चढून जाणाऱ्या हवेवरचा दाब सुमारे एकपंचमांशाने घटतो. हवा पसरते आणि थंड होते.

किती थंड होते? हिशेब अगदी सोपा आहे. एक किलोग्रॅम हवा १००० मीटर वर नेली, तर तिची स्थितिज ऊर्जा किती वाढेल? वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे १ × ९·८ × १००० = ९८०० जूल. बाहेरून उष्णता मिळत नसल्याने ही ऊर्जा हवेच्या स्वत:च्या उष्णतेतून जाते. स्थिर दाबाखाली हवेची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला सुमारे १००५ जूल आहे. (स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता घेतली, की प्रसरणात खर्च होणारे कार्यही हिशेबात येते.) तेव्हा उष्मामानातील घट = ९८०० ÷ १००५ = सुमारे ९·८ अंश से. थोडक्यात, कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी थंड होते.

आता हे उत्तर प्रत्यक्षाशी ताडून पाहा. नदीकाठ आणि बेसिन यांच्या उंचीतील फरक सुमारे १०८५ मीटर. म्हणजे फरक साडेदहा अंशांच्या जवळपास यायला हवा. उद्यानातील अनुभव असा, की उन्हाळ्यात नदीकाठ आणि पर्वत यांच्या उष्मामानात २० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ११ अंश से. इतका फरक पडतो. शालेय पुस्तकातील तीन राशींचा गुणाकार आणि एक भागाकार वाळवंटातील डोंगराला लागू पडला!

पण पुस्तकात तर 'दर किलोमीटरला साडेसहा अंश' असा आकडा असतो. मग खरे कोणते? दोन्ही खरेच आहेत. साडेसहा हा जगभरच्या वातावरणाची, दिवसरात्रीची आणि साऱ्या ऋतूंची सरासरी काढून मिळालेला आकडा आहे. दमट हवेत ढग तयार होताना बाष्पाचे पाणी होते आणि बाष्पात साठलेली सुप्त उष्णता बाहेर पडते. त्यामुळे चढणारी हवा तितकी थंड होत नाही. वाळवंटातील उन्हाळी दुपारी मात्र हवा कोरडी असते, आणि तापलेल्या जमिनीमुळे ती खालून वर व वरून खाली जोराने घुसळली जाते. म्हणून तेथे दहाचा आकडा जवळजवळ पुरेपूर मिळतो. उंचीमुळे पडणारा फरक हा ठरावीक नाही. ऋतू आणि वेळ यांप्रमाणे तो बदलतो. या एका वाक्यात बिग बेंडच्या ऋतूंची किल्ली आहे.

वसंत आणि कोरडा उन्हाळा

बिग बेंड सुमारे २९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे दिल्लीच्या किंचित उत्तरेला. या पट्ट्यात विषुववृत्ताकडून वर चढून आलेली हवा खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि अधिक कोरडी होते. त्यात भर म्हणजे पूर्वेला व पश्चिमेला मेक्सिकोतील सिएरा माद्रे पर्वतांच्या दोन रांगा आहेत. समुद्रावरून येणारे बाष्प बरेचसे त्यांच्या बाहेरच्या उतारांवर गळून जाते. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछाया पडते, तशीच ही पर्जन्यछाया. फरक इतकाच, की येथे ती दोन्ही बाजूंनी पडते.

मार्च ते मे या काळात पाऊस जवळजवळ नसतो, वारे सुटतात आणि उष्मामान भराभर चढते. पँथर जंक्शनचे सरासरी कमाल उष्मामान जानेवारीत सुमारे १६ अंश असते, ते जूनमध्ये ३४ अंशांवर जाते. याच काळात नदीकाठ ४० अंशांची मर्यादा वरचेवर ओलांडतो. येथे उंचीतील फरक हा केवळ सुखदु:खाचा प्रश्न नसतो; तो जीवनमरणाचा असतो. जून २०२३ मध्ये नदीजवळच्या एका खडकाळ, सावली व पाणी नसलेल्या पायवाटेवर उष्मामान ४८ अंशांवर गेले होते. त्या दिवशी तेथे चालायला गेलेल्या एका कुटुंबातील शाळकरी वयाचा मुलगा आणि एक प्रौढ मृत्युमुखी पडले. म्हणूनच उन्हाळ्यात दुपारी खालच्या वाटांवर जाऊ नका, असे उद्यानाचे अधिकारी परोपरीने सांगतात.

हवा एवढी तापते, वर चढते, थंड होते. मग ढग का येत नाहीत? याचेही गणित करून पाहू. हवा थंड होता होता ज्या उष्मामानाला बाष्पाने संपृक्त होते, त्याला दवबिंदू म्हणतात. वर चढताना हवेचे उष्मामान दर किलोमीटरला सुमारे ९·८ अंशांनी घटते. पण दाब कमी झाल्यामुळे दवबिंदूही सुमारे १·८ अंशांनी घटतो. म्हणजे दोघांमधले अंतर दर किलोमीटरला ८ अंशांनी, अर्थात दर १२५ मीटरला एका अंशाने मिटते. यावरून एक सोपा नियम मिळतो : उष्मामान आणि दवबिंदू यांतील फरकाला १२५ ने गुणा; ढगाचा तळ जमिनीपासून तितक्या मीटर उंचीवर असेल.

समजा, मे महिन्यात नदीकाठी उष्मामान ३८ अंश आणि दवबिंदू ४ अंश आहे. फरक ३४; ढगाचा तळ ३४ × १२५ = ४२५० मीटर वर. त्यात नदीकाठाची उंची मिळवा. ढग समुद्रसपाटीपासून ४८०० मीटरवर. एमरी शिखर बिचारे त्याच्या निम्म्या उंचीवर! अशा ढगातून पाऊस पडला, तरी तो कोरड्या हवेतून येताना वाटेतच सुकून जातो. आकाशात ढगाखाली राखाडी झालर लोंबताना दिसते, जमिनीवर मात्र थेंब येत नाही. वाळवंटातील लोकांना हे दृश्य चांगले परिचित असते.

कोरड्या वसंतात पर्वतावर दुसरे एक संकट असते, ते वणव्याचे. वर झाडे अधिक, म्हणून जळण अधिक. आणि पाऊस यायला अजून अवकाश. एप्रिल २०२१ मध्ये चिसोसच्या दक्षिण कड्याजवळ लागलेल्या वणव्यात सुमारे १३०० एकर क्षेत्र जळले. खालच्या वाळवंटात झुडपे एकमेकांपासून दूर असतात आणि मधली जमीन उघडी असते. तेथे आग अशी सहज पसरत नाही.

पावसाळा : डोंगर ढग बनवतो

जूनच्या अखेरीस चित्र पालटते. तापलेल्या भूमीवर हवेचा दाब कमी झालेला असतो. मेक्सिकोचे आखात आणि प्रशांत महासागर यांकडून दमट हवा आत शिरते. उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील या ऋतूलाही शास्त्रज्ञ 'मान्सून' असेच म्हणतात. आपल्या मान्सूनच्या मानाने तो अगदीच दुबळा. पण वाळवंटाला तेवढाच आधार. वर्षभराच्या पावसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक पाऊस मे ते ऑक्टोबर या काळात पडतो. महाराष्ट्रात मे महिना सर्वांत उष्ण असतो आणि पाऊस सुरू झाला की उष्मामान उतरते. बिग बेंडमध्येही जून सर्वांत उष्ण; जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे आणि ओल्या जमिनीमुळे पारा थोडा खाली येतो.

आता मघाचे गणित पुन्हा करा. समजा, ऑगस्टमध्ये नदीकाठी उष्मामान ३५ आणि दवबिंदू १९ अंश आहे. फरक १६, ढगाचा तळ २००० मीटर वर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे २५६० मीटरवर. एमरी शिखराची उंची आठवा : २३८५ मीटर. ढग आता शिखराच्या डोक्यावर टेकला!

त्यातच डोंगर स्वत: ढग बनवण्याच्या कामाला हातभार लावतो. सकाळी उन्हाने उतार तापतात. उताराला चिकटलेली हवा त्याच उंचीवरच्या मोकळ्या हवेपेक्षा उष्ण व हलकी होते आणि उताराच्या कडेने वर सरकू लागते. सर्व बाजूंनी चढणारे हे प्रवाह माथ्यावर एकत्र येतात; त्यांना वर जाण्यावाचून वाट उरत नाही. सकाळी निरभ्र असलेल्या आकाशात दुपारी शिखरावर पांढरा ढग दिसू लागतो, तो फुलकोबीसारखा फुगत जातो, आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाटासह पाऊस कोसळतो. सायंकाळी ऊन उतरले, की इंजिन बंद पडते.

डोंगराला आणखी एक फायदा मिळतो. ढगापासून त्याची जमीन जवळ असते, त्यामुळे थेंबांना सुकायला वेळच मिळत नाही. नदीकाठी पोचायला त्याच थेंबांना दोन किलोमीटर उष्ण हवेतून यावे लागते. परिणाम असा, की नदीकाठी वर्षाला सरासरी सुमारे २५ सें.मी. पाऊस पडतो, तर बेसिनमध्ये सुमारे ४५ सें.मी. आणि वर गारवा असल्याने बाष्पीभवनही कमी. म्हणजे झाडांच्या मुळांना मिळणाऱ्या पाण्यातील फरक पावसाच्या आकड्यांत दिसतो त्याहून कितीतरी अधिक असतो.

डोंगरावर पडलेले पाणी खाली उतरतेच. चिसोस बेसिनमधील सारे पाणी पश्चिमेकडील एका अरुंद खिंडीतून बाहेर पडते. तिला 'विंडो', म्हणजे खिडकी, असे नाव आहे. वर तासभर जोराचा पाऊस झाला, की खालच्या कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो. गंमत नव्हे, धोका असा, की खाली ओढ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी स्वच्छ ऊन असू शकते. वाळवंटात कोरड्या ओढ्यात तंबू ठोकू नये, ही सूचना यामुळेच दिली जाते.

हिवाळा : हिशेब उलटतो

हिवाळ्यात मघाच्या 'दर किलोमीटरला दहा अंश' या हिशेबाला तडा जातो, विशेषत: रात्री. पँथर जंक्शनला जानेवारीत दिवसाचे सरासरी कमाल उष्मामान १६ अंश, तर किमान सुमारे २ अंश असते. रात्र एवढी गार का? हवेतील बाष्प जमिनीतून निघणारे अवरक्त प्रारण अडवते आणि पांघरुणासारखे काम करते. वाळवंटात हे पांघरूण पातळ. सूर्य मावळला, की जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते.

उतारावरची जमीन थंड झाली, की तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि पाण्यासारखी खाली वाहू लागते. दिवसा चढणारा वारा रात्री उतरू लागतो. बेसिनमधील पाणी ज्या खिडकीतून जाते, तीच वाट या थंड हवेलाही मोकळी असते. वाहत आलेली हवा शेवटी सखल भागात, नदीच्या खोऱ्यात साचते. म्हणून हिवाळ्यातील शांत, निरभ्र रात्री नदीकाठ आणि बेसिन यांच्या किमान उष्मामानात फारसा फरक उरत नाही. कधी कधी तर हजार मीटर खाली असलेला नदीकाठच अधिक गारठतो! वर जावे तसे उष्मामान वाढण्याच्या या स्थितीला उष्मामानाची विपरीतता म्हणतात. सकाळी ऊन वर आले, जमीन तापली, हवा पुन्हा घुसळली गेली, की विपरीतता मोडते आणि नदीकाठ पुन्हा उबदार होतो.

हिवाळ्यात अधूनमधून कॅनडाकडून, मध्य अमेरिकी मैदानांवरून थंड हवेच्या लाटा येतात. वाटेत त्यांना अडवणारी पूर्व-पश्चिम पर्वतरांग नाही. आपल्याकडे हिमालय ही कामगिरी बजावतो. अशी लाट आली, की काही तासांत उष्मामान झपाट्याने कोसळते, आणि चिसोसच्या माथ्यावर क्वचित बर्फही पडते. ते फार दिवस टिकत नाही. थंड हवा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. तिचा थर उथळ असेल, तर दऱ्यांमध्ये धुके आणि शिखरावर ऊन, असाही देखावा पाहायला मिळतो.

उंचीच्या जोडीला आता उताराची दिशाही महत्त्वाची ठरते. २२ डिसेंबरला मध्यान्ही येथे सूर्य क्षितिजापासून किती वर असेल? ९० − २९ − २३½ = सुमारे ३७½ अंश. म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेला एखादा उतार याहून अधिक तीव्र असेल, तर त्या दिवशी भर दुपारीही त्याला ऊन मिळणार नाही. अशा सावलीतल्या घळीत ओल टिकते. चिसोसमधील डग्लस फर आणि ॲरिझोना सायप्रस हे वृक्ष उंचावरील अशाच थंड घळींच्या आश्रयाने राहिले आहेत.

उंचीचे जिने आणि त्यांवरील जीवसृष्टी

आता नदीकाठापासून शिखरापर्यंत मनाने चढून जा. खाली क्रिओसोटची झुडपे, लेचुगियाची भाल्यासारखी पाने आणि ओकोटियोच्या काटेरी काठ्या. थोडे वर गवत आणि सोटोल. बेसिनजवळ ज्युनिपर, ओक व पिन्यन पाइन. त्याहून वर, घळींमध्ये फर आणि मेपल; आणि एमरी शिखराच्या उतारावर ॲस्पेनची थोडीशी झाडे. ॲस्पेन हा थंड प्रदेशातला वृक्ष. त्याची मोठी वने खूप उत्तरेला आहेत. प्राण्यांनीही उंची वाटून घेतली आहे. सखल भागात म्यूल हरिण, तर पर्वतावर कार्मेन पांढरशेपटे हरिण. कोलिमा वॉर्बलर हा चिमुकला पक्षी अमेरिकेच्या हद्दीत घरटे करतो, ते प्रामुख्याने चिसोसमध्ये. वसंतात तो मेक्सिकोतून येतो आणि उन्हाळा संपता संपता परत जातो.

भोवती वाळवंट आणि मधे थंड जंगल, अशा डोंगरांना शास्त्रज्ञ 'आकाशातील बेटे' म्हणतात. पण वाळवंट ओलांडून ॲस्पेन येथे पोचला कसा? याचे उत्तर एका उंदराने जपून ठेवले आहे. पॅकरॅट नावाचा रानउंदीर आजूबाजूच्या झाडांची पाने, बिया, काटक्या खडकांच्या कपारीत साठवतो. त्याच्या मूत्राने हा साठा दगडासारखा घट्ट होतो आणि कोरड्या हवेत हजारो वर्षे टिकतो. वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप वेल्स यांनी बिग बेंडमधील अशा जुन्या साठ्यांचा अभ्यास करून १९६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. किरणोत्सर्गी कार्बनने वय ठरवलेल्या त्या साठ्यांत पिन्यन, ज्युनिपर, ओक यांचे अवशेष मिळाले. आणि तेही आज निव्वळ वाळवंट असलेल्या जागी! शेवटच्या हिमयुगात ही झाडे खाली पसरलेली होती. हवा उष्ण होत गेली, तशी ती डोंगरावर चढत गेली आणि वर अडकून पडली.

जिना संपल्यावर काय?

उंची जीवसृष्टीला कसे सांभाळते, याची कठोर परीक्षा २०११ साली झाली. त्या वर्षी बिग बेंडमध्ये नोंदींच्या इतिहासातील सर्वांत तीव्र असा एका वर्षाचा दुष्काळ पडला. योगायोगाने, आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संशोधकांनी ६६६ मीटरपासून १९२० मीटरपर्यंत सहा उंचींवर वनस्पतींची मोजणी करून ठेवली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी त्याच जागा पुन्हा तपासल्या. सर्वांत खालच्या जागी झाडाझुडपांचा सरासरी ८३ टक्के भाग वाळून गेला होता. सर्वांत वरच्या जागी केवळ ८ टक्के. वनस्पती कोणत्या जातीची, तिची पाने कशी, यापेक्षा ती किती उंचीवर उभी आहे, हेच निर्णायक ठरले. आपण वर पाहिलेली सारी कारणे, म्हणजे गार हवा, जास्त पाऊस आणि कमी बाष्पीभवन, या दोन आकड्यांत एकवटली आहेत.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पृथ्वीचे सरासरी उष्मामान वाढते आहे. दर किलोमीटरला साडेसहा अंश हा सरासरी आकडा धरला, तर एका अंशाने हवा तापल्यास पूर्वीचा गारवा मिळवण्यासाठी वनस्पतीला सुमारे १५० मीटर वर सरकावे लागेल. झुडपांना ते जमेल. बेसिनमधल्या ओकांनाही काही काळ जमेल. पण डोंगर वर निमुळता होत जातो; प्रत्येक पायरीवर जागा आधीपेक्षा कमी. शिखराजवळच्या ॲस्पेनला तर वर पायरीच नाही. त्याच्यावर फक्त आकाश आहे.

प्राणी मात्र कधी कधी वाळवंट ओलांडू शकतात. १९४० च्या दशकापर्यंत बिग बेंडमधून काळी अस्वले नाहीशी झाली होती. १९८० नंतरच्या दशकात ती मेक्सिकोतील सिएरा देल कार्मेन पर्वतातून स्वत:हून परत आली आणि चिसोसमध्ये राहू लागली. दोन्ही देशांतील डोंगर राखले गेले, म्हणून हे शक्य झाले. झाडांना असे चालत येता येत नाही.

तुम्हीही मोजून पाहा

या लेखातील पडताळा पाहायला टेक्सासला जाण्याची गरज नाही. तुमच्या गावाजवळ तीनचारशे मीटर उंचीचा डोंगर किंवा किल्ला असेल, तर दोन सारखे तापमापक घ्या. आधी ते एका जागी ठेवून त्यांच्यातील फरक टिपा. मग विद्यार्थ्यांचे दोन गट करा. एक पायथ्याशी, एक माथ्यावर. तापमापक सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंच, वारा लागेल असा टांगा. सकाळी लवकर, दुपारी आणि सायंकाळी ठरलेल्या वेळी नोंद घ्या. उंचीतील फरक नकाशावरून काढा आणि दर किलोमीटरला किती अंश पडतात, ते पाहा. एका तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले, तर तक्त्यावरून दवबिंदूही काढता येईल, आणि १२५ चा नियम वापरून ढग किती उंचीवर आहे याचा अंदाज करता येईल.

हीच नोंद जानेवारीत, मे महिन्यात आणि पावसाळ्यात, अशी वर्षातून तीनदा घ्या. तिन्ही वेळी उत्तर सारखे आले, तर मोजण्यात कोठेतरी चूक झाली आहे, असे समजून पुन्हा मोजा.